ओटा गवंड्याच्या मापाचा, भाकरी तुझ्या हातची

«काकू, नमस्कार. आम्ही लातूरला भाड्यानं राहतो. औसा तालुक्यात गावाकडं स्वतःचं घर काढलंय. स्लॅब पडला, गिलावा चालू आहे, पुढच्या आठवड्यात ओटा. माझी उंची चार फूट दहा इंच. इथल्या भाड्याच्या घरातला ओटा ३४ इंचांचा. रोज सकाळी वीस-बावीस ज्वारीच्या भाकरी होतात. वर्षभरापासून उजवा खांदा आणि मान धरलीये. नव्या घरात ओटा खाली घ्या म्हटलं तर गवंडीमामा म्हणतात, ‘ताई, सगळीकडं चौतीसचाच असतो, कमी केला तर ठेंगणा दिसंल.’ सासूबाई म्हणतात, ‘आमी चुलीपुढं बसून पन्नास माणसाचं रांधून घातलं, आमचं काय दुखलं नाही.’ आमचे हे पाच फूट आठ इंच, त्यांना ३४ सुद्धा खाली वाटतो. मला म्हणतात, खांद्याचा व्यायाम कर. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्यासाठी कमोडही बसवायचाय. काकू, माझा हा हट्ट आहे का? आणि अजून काय काय बघून घेऊ? — एक वाचक, लातूर»

तुझं पत्र वाचलं आणि आधी उठून माझ्याच स्वयंपाकघरात गेले. टेप लावून पाहिली. साडेतेहतीस इंच. मी तुझ्यापेक्षा दोनच इंच उंच. ह्या फ्लॅटात आम्ही आलो तेव्हा ओटा तयार होता. विचारलं तर बिल्डर म्हणाला, ‘मॅडम, स्टँडर्ड आहे.’ परभणीत इतकी वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं, फळ्यावर कोपराची उंची काढून दाखवली, आणि स्वतःच्या घरात तीन इंचांच्या पाटावर उभी राहून भाकरी थापते. तेव्हा तुझा तो हट्ट नव्हे गं, माझा मात्र आळस खरा.

उद्या सकाळी पीठ मळताना जरा स्वतःच्या टाचांकडं लक्ष दे. माझा अंदाज आहे की त्या जमिनीवर नसतील. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, म्हणून गरम पाणी घालून ते तळहाताच्या मुळानं दाबून-दाबून रगडावं लागतं. हा सगळा जोर खाली जाणारा. परात कोपराच्या चांगली खाली असली की अंगाचं वजनच हातातून पिठात उतरतं, खांदा नुसता वाट देतो. परात वर आली की वजन उतरायला जागाच राहत नाही. मग खांदे कानाकडं चढतात, कोपरं बाजूला फाकतात आणि तोच जोर दंडातून उपसून काढावा लागतो. टाचा उचलतात त्या यासाठीच, अंग आपापल्या परीनं उंच व्हायला बघतं. असं वीस-बावीस वेळा, रोज. खांदा धरला नसता तरच नवल.

मळून झालं की तवा. शेगडीची उंची चार-पाच इंच. ३४ च्या ओट्यावर ती ठेवली की तवा ३९ इंचांवर जातो. तुझ्या उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण साडेछत्तीस इंचांवर येतं. म्हणजे भाकरीला पाणी लावायला, उलटायला, फुगवायला हात सतत कोपराच्या वर. त्यात वरणाचं उंच पातेलं चढवलं तर काठ तुझ्या खांद्याशी येतो. आत काय शिजतंय ते वासावरूनच ओळखत असशील.

ह्यावर खांद्याचा व्यायाम सांगणाऱ्याला माझा एवढाच प्रश्न आहे की दोन नंबर लहान चप्पल घालून पाय सोलला तर पायाला व्यायाम देणार का?

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. चुलीपुढं पाटावर बसलं, काठवट पुढ्यात ओढली की ती मांडीच्या पातळीला येते, कोपर तिच्या चांगलं वर राहतं, आणि अख्खं अंग पुढं झुकवून गोळा मळता येतो. खांद्याच्या हिशोबानं ती मांडणी आपल्या उभ्या ओट्यापेक्षा चांगलीच होती. शिवाय त्या काही सलग तीन तास एकाच जागी नसायच्या. मधेच उठून पाणी, मधेच गोठा. पण हिशोब पुरता करायचा तर त्यांचे गुडघे गेले हे तूच लिहितेस. आयुष्यभर उकिडवं बसणं, डोक्यावर घागर घेऊन उठणं, वर चुलीचा धूर. त्यांच्या बोलण्यातलं अर्धं घे: काम कोपराच्या खाली हवं. उरलेल्या अर्ध्यावर वाद घालू नकोस, घर बांधून होईपर्यंत तर नकोच.

गवंडीमामांचा चौतीसचा आकडाही अगदीच हवेतला नाही, ते तेवढं मान्य करू. अमेरिकेत ओट्याचं ठरलेलं माप ३६ इंच. तिथल्या बाईची सरासरी उंची पाच फूट चार इंचांच्या जवळपास. आपल्याकडची सरासरी पाच फुटांच्या आसपास. उभ्यानं चिरण्यासारखं हलकं काम कोपराच्या तीन-चार इंच खाली सोयीचं पडतं, त्या हिशोबानं पाच फुटी बाईला ३४ कसाबसा चालून जातो. घोळ दोन ठिकाणी आहे. एक, तू पाच फुटांची नाहीस. दुसरं, ज्यात जोर लावायचा ते काम कोपराच्या आणखी खाली हवं, सहा-आठ इंच तरी. भाकरी हे चिरण्यासारखं काम नाहीच, ते कुदळ-फावड्याच्या जातीचं काम आहे. ज्यांनी ओट्याची मापं बसवली त्यांच्यापुढं ज्वारीचा गोळा कधी आलाच नव्हता.

आणि त्यांच्यापुढं स्वयंपाक तरी कितपत होता म्हणा! आपल्या आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणतात ते स्वयंपाकघर १९२६ साली जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलं गेलं. आखणाऱ्या वास्तुरचनाकार बाई, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की. सुमारे दहा हजार घरांत ते बसलं. पुढं त्या स्वतःच मोकळेपणानं सांगायच्या की ते आखलं तेव्हा आपल्याला स्वयंपाक येत नव्हता. तरी एक गोष्ट त्यांनी फार शहाणपणाची केली होती, खिडकीखालच्या ओट्याशी बसून चिरायला एक फिरतं स्टूल ठेवलं होतं. आपल्याकडं ओटा आला, स्टूल तिकडंच राहिलं.

तुझ्या घराचं माप आता असं काढ. स्वयंपाकघरात जशी असतेस तशी, म्हणजे अनवाणी, ताठ उभी राहा. खांदे सैल सोड, हात कोपरात काटकोनात वाकव. जमिनीपासून कोपराच्या हाडाखालपर्यंत दुसऱ्या कुणालातरी मोजायला सांग; स्वतः वाकून मोजशील तर कोपर हलतं. समज ३६ किंवा ३७ आलं. त्यातून सात वजा केले की भाकरीची जागा, चार वजा केले की चिरायची जागा. म्हणजे एक भाग २९-३० चा, दुसरा ३२-३३ चा. ओटा दोन पातळ्यांचा करायचा. शेगडी आणि भाकरीची परात खालच्या भागावर शेजारी-शेजारी, म्हणजे थापलेली भाकरी तव्यावर टाकायला हात फार फिरवावा लागणार नाही. २९ वर शेगडी ठेवली की तवा ३४ ला येतो, कोपराच्या खाली. सिंक वरच्या भागात घे, कारण सिंकमध्ये हात काठाच्या सहा-सात इंच खाली जाऊन काम करतात. काठ बुटका घेतलास तर भांडी घासताना कंबर जाईल. खांदा वाचवून कंबर घालवायची नाही.

आकड्यांवर मात्र माझाही विश्वास ठेवू नकोस. बांधकामावर विटा पडल्याच असतील. त्यांचे दोन खांब रच, वर फळी टाक, त्यावर परात ठेव आणि घरून पीठ नेऊन खरोखर दोन भाकरींचं मळून बघ. एक थर काढ, पुन्हा मळ. ज्या उंचीला टाचा जमिनीवर राहतात आणि पाठही वाकत नाही, ती तुझी. गवंडीमामांना तिथंच उभं कर. सांगून न पटलेलं बघून पटतं.

आता सगळ्यात मोठी गफलत होते ती जागा. गिलावा चालू आहे म्हणजे फरशी बसायचीय. मामा माप धरतील ते कच्च्या जमिनीपासून. त्यावर मसाला आणि फरशी मिळून दोनेक इंच चढतात आणि ओटा तेवढाच बसका होतो. उलट वरच्या बाजूला कडप्प्यावर ग्रॅनाइट बसलं की इंच-दीड इंच वाढतं. शेवटी जे होतं ते कुणाच्याच मनातलं नसतं, आणि दोष फरशीवाल्यावर. म्हणून आधी पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून तयार फरशीची रेघ स्वयंपाकघराच्या भिंतीवर मारून घे. त्या रेघेपासून वर मोजून ग्रॅनाइटच्या वरच्या पाठीची दुसरी रेघ मार, दोन्ही पातळ्यांच्या दोन. शेजारी आकडे लिही. माप तोंडी सांगितलं की दुपारपर्यंत चौतीस होतं.

खालच्या बाजूला पायाची बोटं आत जातील एवढी खाच हवी, तीन-चार इंच खोल आणि तेवढीच उंच. ती नसली की पाय ओट्यापासून लांब राहतात आणि आपण नकळत पुढं वाकतो. सिलिंडर खालच्या पातळीच्या भागाखाली ठेवणार असाल तर आधी विटांवर फळी टाकूनच रेग्युलेटर लावायला हात जातो का बघ. न गेल्यास वरच्या भागाखाली सरकव. भाकरीच्या जागेखाली मात्र ट्रॉली-बिली काही नको. ती जागा मोकळी सोड. तिथं खुर्ची सरकवून सासूबाई मेथी निवडतील, शेंगा फोडतील. गुडघे गेलेल्या बाईचे हात गेलेले नसतात.

दोन पातळ्यांचे तोटेही सांगते. जोडाच्या कोपऱ्यात पीठ-पाणी साचतं, रोज फडकं फिरवावं लागतं. खडी कड टोकदार ठेवली तर मनगटाला लागते, ती गोल घासून घ्यायला सांग. एक ग्रॅनाइटची पट्टी जास्त लागेल, मामांचा थोडा वेळ जाईल. ‘ठेंगणा दिसंल’ ह्यावर काय बोलायचं? घरभरणीला आलेल्या बायका ओटा बघून जातील, दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापुढं तूच.

आणि तुमच्या ह्यांचं म्हणशील तर त्यांचं कोपर त्रेचाळीस इंचांच्या घरात असणार. त्यांना २९ वर चहा करताना वाकावं लागेल हे खरं आहे. पाच मिनिटं वाकतील. ज्याचे पाय ओट्यापुढं तीन तास असतात त्याचं माप आधी. उद्या त्यांनी रोजच्या वीस भाकरी स्वतःच्या हातात घेतल्या तर मला लगेच कळव, आकडे बदलून देईन.

‘अजून काय बघू’ म्हणतेस, तर पाण्याचं बघ. पुण्या-मुंबईच्या नकाशांत पाणी नळातून येतं आणि गोष्ट तिथं संपते. लातूरनं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय. आपल्याकडं घर म्हटलं की टिपाड, हौद, माठ आणि आता वीस लिटरचा जार आलाच. वीस लिटर म्हणजे वीस किलो, आणि ते जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवायचं काम बहुतेक घरांत सगळ्यात बुटक्या माणसाकडं असतं. वजन गुडघ्यापासून कमरेपर्यंत सोपं जातं. जमिनीवरून उचलणं आणि छातीच्या वर नेणं ह्या दोन्ही टोकांना कंबर मोडते. तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशीच गुडघाभर उंचीचा एक पक्का कट्टा बांधून घे. जारवाल्या पोरानं जार आणून थेट त्यावर ठेवायचा. जार वाकवायचा लोखंडी स्टँड मिळतो, तो कट्ट्यावर बसव, म्हणजे जार उचलायचा प्रश्नच मिटला. वापराच्या पाण्याच्या टिपाडालाही खाली तोटी बसव आणि टिपाड कट्ट्यावर घे, तोटीखाली कळशी मावली पाहिजे. टिपाडात वाकून तांब्यानं पाणी काढणं हे आपल्याकडच्या बायकांच्या कंबरदुखीचं जुनं कारण आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे शंभर विटा आणि एक तोटी.

फळ्यांचं थोडक्यात. रोज लागणारे डबे डोक्याच्या वर नकोत. ओटा दोन फूट खोल असतो, त्याच्या पलीकडं हात पोचवताना उंचीतले काही इंच तसेच खर्ची पडतात. पेटत्या शेगडीच्या मागं खिडकीची कडी ठेवू देऊ नकोस. माळा दिवाळीच्या डब्यांसाठी.

सासूबाईंच्या कमोडची उंची दुकानातल्या कॅटलॉगमधून ठरवू नका. घरातल्या दोन-तीन खुर्च्या, स्टूल, बाज यांवर त्यांना बसवून बघ. ज्यावरून त्या सहज उठतात आणि बसल्यावर ज्यावर पावलं पूर्ण टेकतात, ती उंची मोज. दुखऱ्या गुडघ्याला उंच बैठक बरी म्हणून फार उंच घेतली तर बुटक्या बाईचे पाय लोंबकळतात, ते आणखी वाईट. त्यांच्या चांगल्या हाताच्या बाजूला आधाराचा दांडा हवाच, आणि तो पक्क्या विटांच्या भिंतीत, टाइल्स लावण्याआधी जागा ठरवून. दार बाहेर उघडणारं कर. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं.

पायऱ्या सहा इंचांच्या घे, पाऊल मावेल एवढ्या अकरा-बारा इंच रुंद, आणि सगळ्या एकसारख्या. पुन्हा तीच फरशीची भानगड: फरशी बसल्यावर पहिली किंवा शेवटची पायरी दोन इंचांनी कमी-जास्त होते, आणि माणूस नेमका तिथं पडतो. पायाला मोजदाद पाठ असते, डोळे तिकडं नसतात.

हे सगळं नव्या घरात. तोवर भाड्याच्या घरात काय? एक रुंद पाट करून घे, तीन फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच उंच, डुगडुगणार नाही असा. अरुंद पाटावरून पाय घसरला आणि हातात उकळतं पातेलं असलं तर खांदादुखी बरी होती म्हणायची वेळ येईल. चार इंचांवर उभी राहिलीस की ३४ चा ओटा तुला तीसचा. किंवा सरळ खाली बस, तुझे गुडघे अजून शाबूत आहेत: मळणं-थापणं जमिनीवर काठवटीत, भाजणं उभ्यानं. भाजी तर विळीवर बसूनच चीर, त्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मात्र ओट्यावर ढकलू नकोस. वर्षभर धरलेला खांदा एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखव. हात वर नेताना अडकत असेल, रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर नुसतं तेल चोळत बसू नकोस. ओटा खाली आला म्हणून आधीच सुजलेली जागा आपोआप बरी होईल असं नाही.

मापं घेताना सुताराची पोलादी टेप घे. शिंप्याची कापडी टेप वापरून-वापरून ताणलेली असते, अर्धा इंच तिथंच जातो. ग्रॅनाइट कापायला द्यायच्या आधी कोपराचं, विटांच्या खांबाचं आणि भिंतीवरच्या दोन्ही रेघांचं, अशी चार मापं लिहून मला पाठव. मीही ह्या महिन्यात माझ्या ओट्याचं ग्रॅनाइट काढून बघायचं म्हणतेय, तुझे मामा परभणीला येतात का विचार.

— काकू